पालथी होडी

जाळी विणून देणारी म्हणून सगळी वस्ती तिला जाळीवाली म्हणायची. तिच्या परसात एक लाकडी होडी नऊ वर्षं पालथी पडून होती. नवरा आणि थोरला मुलगा त्याच होडीतून आखाताबाहेर गेले, वादळात सापडले, आणि होडी तेवढी परत आली. ती ओढून आणली तिच्या दिरानं. तो होड्या बांधणारा सुतार, ही होडीही त्याच्याच हातची.

"वहिनी, एकाच लाटेत गेले," त्यानं सांगितलं होतं. "त्यांना कळलंसुद्धा नसेल."

या एका वाक्याच्या आधारावर बाईनं दिवस काढले. होडीला पाठ टेकून ती जाळी विणायची. होडीखाली कोंबड्या अंडी घालायच्या. शेजारीण म्हणायची, "तुझ्या नवऱ्याच्या हयातीत या होडीनं मासळी दिली नसेल, तेवढी आता अंडी देतेय." जाळीवालीही हसायची. रडून रडून किती रडणार माणूस?

एव्हाना आखातात सगळ्या फायबरच्या होड्या आल्या होत्या. जुन्या लाकडी होड्यांचं कुणी कुंपण केलं, कुणी सरपण. त्यामुळे बर्फाच्या बंद कारखान्यात संग्रहालय काढायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावर दाखवण्याजोगी हीच एक उरली होती. संग्रहालयाच्या बाई स्वतः येऊन होडीवरून हात फिरवून गेल्या. धाकटा मुलगा बंदरात क्रेन चालवायचा. तो म्हणाला, इथं कुजण्यापेक्षा तिच्या डोक्यावर छप्पर तरी येईल. आईलाही ते पटलं. दीर मात्र आडवा आला. कीड लागलीय, जाळून टाकू, असंच धरून बसला. आपल्या हातची वस्तू परक्याकडे जाते म्हणून त्याचा जीव तुटत असेल, असं तिला वाटलं.

होडी उलटायच्या दिवशी तो आलाच नाही. चौघांनी मिळून ती सरळ केली. अंड्यांची टरफलं, पिसं खाली पडली, आणि आतल्या फळ्यांवर ऊन पडलं. तळाच्या एका फळीवर खाचाच खाचा होत्या.

"उंदरांनी कुरतडलंय," धाकटा म्हणाला.

जाळीवालीनं खाचेत बोट घातलं. सुरीचे घाव होते ते, एकाला लागून एक, आणि सगळे उलट्या तिरक्या अंगाचे. थोरला डावखुरा होता. जाळीची गाठसुद्धा उलटी मारायचा, आणि ती सोडवताना आई त्याच्या नावानं खडे फोडायची. फळी आरपार कापली जायला बोटभरच बाकी राहिलं होतं.

ती तशीच उठून दिराच्या कारखान्यात गेली. तो पटाशीला धार लावत होता.

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याचा हात थांबला. मान वर न करता त्यानं सांगितलं. होडी पाण्यात पालथी तरंगताना सापडली, तेव्हा तिच्याखाली कुणी नव्हतं. सुरी तेवढी फळीत रुतलेली होती. ती त्यानं पाण्यात टाकली, आणि होडी किनाऱ्याला लागल्यावर कुणी आत डोकावू नये म्हणून पालथीच ओढत परसात आणली.

"किती वेळ जिवंत होता तो?"

त्यानं पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, "लाकूड चांगलं होतं, वहिनी. मीच निवडलं होतं."

ती आल्या वाटेनं घरी परतली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाईंनी त्या खाचा पाहिल्या. त्यांचेही डोळे भरले. बाई वाईट नव्हत्या. हे लोकांना दिसलं पाहिजे, समुद्र म्हणजे काय ते कळलं पाहिजे, वर एक दिवा लावू, असं त्या म्हणाल्या. धाकटा आईकडे बघत राहिला.

"तुमचं काही चुकीचं नाही," जाळीवाली म्हणाली. "पण माझं पोर तिथं जिवासाठी धडपडत होतं. ते तिकीट काढून कुणी बघायचं नाही."

तिनं दिराला बोलावून घेतलं. ती फळी काढायला लावली, नवी बसवायला लावली. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. काढलेली फळी तिनं चुलीत घातली. खारं पाणी प्यायलेलं ते लाकूड पेटता पेटेना. दिवसभर घरात धूर कोंडला आणि धाकटा दार उघडून बाहेर बसून राहिला.

होडी गेली. संग्रहालयात तिची एक फळी फिकी दिसते. कुणी विचारलंच तर दुरुस्ती केलीय असं सांगतात. जाळीवाली तिकडं फिरकली नाही.

दीर अधूनमधून यायचा, दाराशी बसायचा. ती चहा ठेवायची, तोंडदेखलं बोलायची. एकदा त्यानं धीर करून विचारलं, "तेव्हाच सांगायला हवं होतं का गं वहिनी?"

ती जाळ्याचा दोरा ओढत राहिली.

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी तेव्हाच मेले असते," ती म्हणाली. "नाही सांगितलंत, म्हणून आत्ता मरतेय. चहा घ्या, निवतोय."