वडप्याचा नामा

दुसऱ्याचा जीव ज्या खाटेवर गेला, त्या खाटेवर तुम्ही अंग टाकाल का? ‘त्यात काय एवढं’ म्हणायची घाई नको. असं बोलणारे पुष्कळ भेटतात. खाट दारात आली की तेच दोन पावलं मागं सरतात. भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या राघोनं ही गंमत वर्षानुवर्षं पाहिली होती, कारण ती खाट त्याच्याच टेम्पोतून दारोदार जायची.

खाट वस्तीतल्या मंडळाची. विहारामागच्या खोलीत ती, एक वॉकर आणि एक कमोडची खुर्ची, एवढाच संसार. दवाखान्यात असते तशी लोखंडी. पायथ्याला हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू कुरकुरत वर यायची. वर्गणी काढून घेतली तेव्हा भाषणं झाली, हार झाले, फोटो निघाले. नंतर ती उचलायला मात्र एकटा राघो. दिवसभर गोडाऊनचा माल वाहायचा आणि संध्याकाळी खाट. पाने आणि नटबोल्ट कायम सीटखाली. कुणाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, कुणाला लकवा मारला, की ‘राघोला फोन लाव.’ भाड्याचं विचारलं तर तो असा काही बघायचा, की विचारणारा पाकीट खिशात घालायचा.

एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती तो कुणाला सांगत नव्हता. बरं होणारा माणूस ही खाट मागतच नाही. डॉक्टरनं ‘आता घरी घेऊन जा’ म्हटलं, की मग खाटेची आठवण होते. त्यामुळं तिच्यावरून आपल्या पायानं उठलेला माणूस राघोनं पाहिलाच नव्हता. परत आणायला जायचा तेव्हा दारात चपलांचा ढीग असायचा.

एकदा तो सुचेताबाईंसाठी त्यांच्या घरी खाट जोडत होता. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, भिवंडीतल्या जुन्या घराण्यातल्या, सरळ तोंडावर विचारणाऱ्या. तो बोल्ट आवळतोय आणि बाई म्हणतात, “राघो, हिच्यावरून कोणी उठलंय का रे?”

घरातले सगळे भिंतीकडे बघायला लागले. राघो सकाळीच वडप्याला माल टाकून आला होता. तोंडातून निघून गेलं, “उठला की, बाई. वडप्याचा नामा. ट्रकनं उडवला होता, कमरेत काय राहिलं नव्हतं. आता हायवेला नारळ विकतो.”

बाई हसल्या. त्या दिवशी पोटभर जेवल्या, असं त्यांची मुलगी नंतर सांगत होती. नंतर म्हणजे, चपलांच्या ढिगापाशी.

झालं, नामा जन्माला आला. मग प्रत्येक घरी राघो आधी खाट जोडायचा, हँडल फिरवून दाखवायचा आणि शेवटी नामा सांगायचा. नामाला पुढं बायको मिळाली, पोरगी झाली. लोकांनीही हातभार लावला. कुणी म्हणे, मी त्याच्याकडचा नारळ प्यालो, मलई काय काढतो. कुणी म्हणे, जरा लंगडतो बिचारा. राघो ऐकून घ्यायचा. खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलंच नाही. दवाखान्यातले कोट घालून ‘बघू, प्रयत्न करू’ म्हणतात, त्यापेक्षा नामा हजारपटीनं बरा.

ह्या हिवाळ्यात केसरीनाथ गेला. राघोचा जुना दोस्त, मंडळ उभं करणाऱ्यांतला. शेवटी आवाज गेला होता, म्हणून पाणी हवं असलं की बोटातली अंगठी खाटेच्या दांड्यावर वाजवायचा. टक, टक, जरा थांबून टक. राघो त्याच्या माडीवरून खाट उतरवत होता. जिन्याची पायरी ओली होती आणि तो पाठमोरा उतरत होता. पाय सरकला, वरून खाट आली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन करून बॉल बसवला. खाट तोवर टेम्पोतच होती. राघोला सोडलं त्या दिवशी पोरांनी ती मंडळाच्या खोलीत नेलीच नाही, सरळ त्याच्या घरात जोडली. केसरीनाथच्या घरून निघालेली खाट मधे कुठं टेकली नाही.

राघोनं ती बघितली. घरात दुसरी उंच जागा नव्हती. डॉक्टरनं बजावलं होतं: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, दोन्ही पायांच्या मधे उशी. आमच्या माणसाकडून एवढं काढून घेतलं तर त्याच्यापाशी उरतं काय? जेवण मांडी घालून, गप्पा उकिडव्यानं, झोप कुशीवर. आणि वर ताकीद, की रोज वॉकर धरून उभं राहायचं, थोडं चालायचं. पडून राहिलात तर छातीत कफ भरेल, पाय आखडेल, मग मला दोष देऊ नका.

थंडी पडली होती. पत्र्याचं घर सकाळी बर्फाच्या लादीसारखं व्हायचं. कारखान्याच्या भिंतीपाशी माणसं चिंध्या आणि पुठ्ठे पेटवून शेकायची, तो जळक्या कापडाचा धूर खिडकीतून आत यायचा आणि राघोला खोकला काढायचा. खोकलं की टाके ओढायचे. घोंगडी पायावरून सरकली की ती त्याची राहायचीच नाही. समोर दिसायची पण हात पोचायचा नाही. मोजा निघाला की कुणीतरी येईपर्यंत पाय उघडा. भेटायला येणारे सफरचंदं आणायचे आणि नेमके त्याच्या दुखऱ्या पायापाशी बसायचे. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस असायचा, ज्याचा बॉल सुटला होता. सून प्रियंका गोडाऊनला स्कॅनिंगला होती. शिफ्टला जायच्या आधी ती कमोडची खुर्ची लावून द्यायची आणि पडद्याआड उभी राहायची. ही खुर्ची राघोनं किती घरांत पोचवली होती. तिच्यावर बसलेल्या माणसाला काय वाटतं, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सगळ्यांत वाईट दुपार. मुलगा ट्रेलरवर गुजरातकडे, प्रियंका ड्युटीला, बायको जाईबाई विहारातल्या बायकांत नाहीतर नळावर. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत खाटेपाशी यायचा. मग ती माणसं यायची, ह्या खाटेवर गेलेली. दारातून नाही. ती खाटेतच असायची. पायथ्याच्या दांड्याला साडीची एक चिंधी बांधलेली होती. सुचेताबाई ती धरून उठायचा प्रयत्न करायच्या. गाठ इतकी आवळलेली, की कुणाला सुटली नाही. डाव्या बाजूचा रंग नखांनी खरवडलेला होता. ते एका जवान ड्रायव्हरचं काम, त्याचं नाव राघो आजही घेत नाही. गादीत एक खळगा होता आणि राघोचं अंग बरोब्बर त्या खळग्यात बसायचं. कुणाच्या मापाचा होता कोण जाणे, आता तो त्याच्या मापाचा झाला होता.

एके दुपारी जाईबाई हंडा घेऊन आत आली आणि दारातच थबकली. राघो डोळे मिटून पडला होता आणि त्याचा हात दांड्यावर वाजत होता. टक, टक, जरा थांबून टक.

“अवो,” ती म्हणाली, “तसा वाजवू नका. केसरीनाथ दादा वाजवायचे.”

राघोनं डोळे उघडले. आपण वाजवतोय हे त्याला माहीतच नव्हतं. पाणी हवं होतं, एवढं खरं.

त्या दिवसापासून त्यानं वॉकर नाकारला. आधी दुखतंय म्हणाला, मग चक्कर येते म्हणाला, मग सरळ शिव्या दिल्या. प्रियंकानं फोनवर डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर असाच पडला तर पुढं मला काही करता येणार नाही. प्रियंका सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवणारी, पण त्या दिवशी तिनं चढवला. जाईबाईनं दुसरा रस्ता धरला. जवळ बसून, त्याच्या पायावर घोंगडी ओढत म्हणाली, “उठा की. तुमीच सांगता ना समद्यांना, नामा उठला म्हणून.”

“नामा कोण हाय, ठावं हाय का तुला?”

“न्हाय. वडप्याचा ना?”

“मला पन ठावं न्हाय.”

ती समजली. लगेच नाही, घोंगडी ओढून झाल्यावर समजली. मग राघो हळू आवाजात म्हणाला, की दुपारी सगळे येतात, ज्यांना ज्यांना मी ही खाट पोचवली ते सगळे. फक्त नामा येत नाही. येणार कुठून.

जाईबाई उठून चुलीकडे गेली.

दोन दिवसांनी मंडळाचा सेक्रेटरी सुगत एका मुलीला घेऊन आला. दिपाली तिचं नाव, दापोड्याची, पॅकिंगला जाणारी. बाप नवशा लकव्यानं पडला होता. सुगत दारातूनच सारवासारव करायला लागला, की खाटेसाठी आलो नाही काका, तुम्हाला लागते हे मी हिला सांगितलंय, पण ही ऐकत नाही, तुम्हालाच भेटायचं म्हणते. प्रियंकाची सुट्टी होती; ती कमरेवर हात ठेवून मधे उभी राहिली.

दिपालीनं तिच्या बाजूनं वाट काढली. “काका, मला नामाचा पत्ता द्या.”

जाईबाईनं चुलीपासून मान वळवून राघोकडं बघितलं.

“वडप्याला दोनदा जाऊन आले,” ती सांगत होती. “हायवेचे समदे नारळवाले विचारले. एक लंगडतो, तो बोलतो मी नामा न्हाय, मी यूपीचा. आबा जेवत न्हाय, काका. बोलतो, उठून दाखवलेला मानूस आना, मंग बघू. केसरीनाथ काकांच्या घरी तुमच्याच तोंडून त्यानं ऐकलं होतं. नामाला एकदा घरी घेऊन जाते. जाण्यायेण्याची रिक्षा मी करीन.”

पोलिसाला, शेठला, वाटेत आडवी गाडी घालणाऱ्याला, सगळ्यांना राघोपाशी उत्तर असायचं. ही पोरगी मात्र उन्हात हायवेवर फिरून, नसलेल्या माणसाला दारोदार विचारून आली होती. त्यानं तिच्या चपलांकडं बघितलं. धूळ घोट्यापर्यंत होती.

“जाई,” तो म्हणाला, “वॉकर आन.”

जाईबाईनं आणला. त्यानं सुचेताबाईंची चिंधी धरली आणि ओढून बसता झाला. सुगत पुढं आला तर त्याला डोळ्यांनीच थांबवलं. पाय खाली सोडले. फरशी इतकी गार की तळवा आखडला. दुखऱ्या पायात आतून कुणीतरी पकड घालून पिळल्यासारखं झालं, कानात शिट्टी वाजली, आणि खाटेनं मागून ओढलं. हे तो शपथेवर सांगतो. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मग वॉकरच्या दोन्ही मुठींवर भार टाकून राघो उभा राहिला. घाम कानशिलावरून वाहत होता, त्या थंडीत.

“नामा कोन न्हाय, पोरी,” तो म्हणाला. “कंदीच नव्हता. मी बनवला. पन हा बघ, मी उठलो. ह्या खाटेवरून.”

दिपालीनं त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं, बाजारात वस्तू पारखून घेतात तसं. चिडली नाही, रडलीही नाही. “मंग तुमी चला,” म्हणाली. “आबाला दाखवाया.”

खाट त्याच संध्याकाळी दापोड्याला गेली. राघोसाठी शेजारचा लाकडी दिवाण विटांवर चढवून उंच केला. प्रियंकानं गादीतला खळगा बुक्क्या मारून सारखा करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही, तसाच गेला.

डॉक्टरची परवानगी मिळायला काही दिवस गेले. मग राघो गेला. सुगतनं टेम्पो चालवला. राघोला सीटवर चढवताना दोघांचा घाम निघाला. नवशाच्या घरी पाहुण्यासाठी सतरंजी अंथरली होती. राघोला खाली बसता येत नव्हतं आणि उंच खुर्ची घरात नव्हती, म्हणून तो वॉकर धरून उभाच राहिला, खाटेच्या पायथ्याशी. नवशाचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं, पण डोळे जागे होते. त्यानं राघोच्या पायांकडं खूप वेळ बघितलं. राघो दारापर्यंत चालला आणि परत आला.

“नामा का तू?” नवशानं विचारलं. शब्द फुटके आले, पण समजले.

दिपालीनं राघोकडं बघितलं. घरून निघाल्यापासून तो सगळ्यांना बजावत आला होता, की आता खोटं नाही, जे आहे ते सांगायचं.

“हां,” राघो म्हणाला. “नामाच मी.”

नवशा त्या दिवशी लेकीच्या हातची पेज प्यायला. उठला मात्र नाही. होळीच्या आधी गेला. राघो काठी टेकत चपलांच्या त्या ढिगापाशी उभा राहिला आणि पोरांनी खाट बाहेर काढली.

राघो आता चालतो. टेम्पो सुगत चालवतो आणि राघो शेजारी बसून प्रत्येक घरी जातो, खाटेसमोर येरझाऱ्या घालून दाखवतो. दुपारी तो घरी दिवाणावर पडतो, तेव्हा ती माणसं अजून येतात. खाट नाही तरी येतात. आता त्यांच्यात नवशाही असतो. तो राघोला राघो म्हणून ओळखत नाही. नामा म्हणून हाक मारतो, आणि राघो ओ देतो.

तुमच्या घरात कुणी असं पडलं असेल तर मंडळाला कळवा, राघो येईल. फक्त एवढं करा: शेजारून का होईना, त्याच्यासाठी एक उंच खुर्ची आणून ठेवा. आणि पेशंटनं त्याला नामा म्हणून हाक मारली, तर कृपा करून मधे तोंड घालू नका.