बोल्टांची नेलपॉलिश

गाडीच्या दाराचं आतलं पॅड उघडलं की काय काय सापडतं! पार्किंगच्या पावत्या, बडीशेपेच्या पुड्या, एकदा तर एका आजोबांची कवळी. काचेच्या फटीतून रोज थोडं थोडं आत पडत असतं, कोणाला पत्ता नसतो. आमच्या गॅरेजचे किस्से असेच साठले. आता उघडायची वेळ आली, म्हणून दिसायला लागले.

आमचं गॅरेज म्हणजे दादाचं. आडगाव नाक्याजवळ एकच शटर. काम पण एकच, हँडल फिरवून वर-खाली करायची काच तिरपी चालायला लागली की ती सरळ करून द्यायची. अडीच महिन्यांपूर्वी दादा दुपारी जेवला, "जरा पडतो" म्हणाला, आणि उठलाच नाही. छत्तीस वर्षांचा होता.

मी नववी नापास. माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर ठेवू. नाहीतर शटरची चावी मालकाला देऊन टाकू."

* * *

आधी नेलपॉलिशचा सांगतो.

काच खाली एका पट्टीवर दोन बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट जरा सरकले की काच तिरपी. दादाचा नियम होता की काच सरळ बसली की बोल्टांभोवती खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी नेमकं कळतं कोण किती सरकलं. मार्करची खूण ग्रीसने पुसली जायची. मग एक दिवस वहिनीला लग्नाला जायचं होतं आणि लाल नेलपॉलिश काही सापडेना. सगळं घर शोधून ती तडक गॅरेजमध्ये आली.

दादाने तिला उघडलेलं दार दाखवलं. आत दोन लाल गोल!

"अहो, माझ्या बोटांना कधी लावली का एवढ्या प्रेमाने?"

दुसऱ्या दिवशी तिने दोन बाटल्या आणल्या. एक कपाटात ठेवली आणि एक दादाच्या हातात दिली. "ही तुमच्या बोल्टांची. माझीला हात लावायचा नाही."

* * *

खूण केली की दादा मला हमखास म्हणायचा, "सुकू दे. हात लावू नको."

मी लावायचोच! सुकली का बघायला. त्यामुळे माझा अंगठा बारा महिने लाल. टपरीवरचा चहावाला विचारायचा, "काय रे, कोणाची नखं रंगवतोस?"

दादाच आतून ओरडायचा, "गाड्यांची! माणसाची जमंना त्याला!"

* * *

सुरगाण्याचा एक जीपवाला होता. त्याच्या पुढच्या दाराची काच घाटात धक्का बसला की धाडकन खाली यायची. त्यावर त्याने इलाज काढला होता, शिवराम! शिवरामने पुढच्या सीटवर बसायचं, सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत दोन्ही तळव्यांनी काच वर धरून ठेवायची. बदल्यात प्रवास फुकट.

दादाने काच सरळ केली. चार दिवसांनी शिवराम गॅरेजमध्ये हजर. "दादा, काम लय भारी केलं तुमी. पण आता माझी सीट गेली ना! जराशी तिरपी कराल का परत?"

दादा पोट धरून हसला. मग त्याने जीपवाल्याला फोन लावला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "काच नवीन बसवलीय. कोणीतरी हात लावून बसायला लागेल. नाहीतर माझी गॅरंटी नाही."

दादाच्या दहाव्याला शिवराम आला होता. जीपने. काच धरून.

* * *

मला नववीत नापास करणारे सर एकदा गाडी घेऊन आले. काच अर्ध्यात अडकलेली, आणि सर हँडलला लटकलेले. दादा पलीकडच्या गाडीखाली होता. मी म्हणालो, "सर, ऐकत नाही म्हणून जोर नाही करायचा. दोन्ही बाजूंनी धरायचं आणि हळूहळू वर आणायचं."

सरांनी हँडल सोडलं. "हे कोणी शिकवलं तुला?"

"दादाने."

सर म्हणाले, "मला पण शिकवायला सांग."

* * *

दादा गेल्यानंतरचाही एक आहे. एक गिऱ्हाईक आलं. "दादा कुठाय?"

"दादा गेला."

"कधी येईल?"

"नाही येणार."

"बरं, मग मी उद्या येतो!"

तो खरंच आला दुसऱ्या दिवशी. शेजारच्या पंक्चरवाल्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. मी पॅडचे स्क्रू पिळत राहिलो. इतके पिळले की एकाचे आटेच गेले.

त्या महिन्यात माझ्या हातून दोन काचा फुटल्या. बोल्टांची बाटली सुकून खडा झाली होती, म्हणून खुणाही होत नव्हत्या. नवीन आणायची तर दुकानात जाऊन काय सांगू? आणि वहिनीकडे कोणत्या तोंडाने मागू? तिची नखं तर तेव्हापासून कोरीच होती.

* * *

दसऱ्याला दहा दिवस राहिले होते. नामपूरचा एक कांद्याचा व्यापारी आला. त्याची काच मागून वर जायची आणि पुढून अडायची. दादाने पूर्वी केलेली गाडी. मी पॅड काढलं.

आत दादाचे दोन लाल गोल. आणि बोल्ट बरोब्बर गोलांच्या मधोमध! जराही सरकलेले नाहीत. तरी काच तिरपी.

मी पान्हा लावला आणि काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. दादाने बसवलेला बोल्ट मी हलवू? व्यापारी दोनदा चहा पिऊन आला. "काय भो, आज व्हई का नाही?"

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं, गाडीच्या दारात वाकली, खूप वेळ वाकलेलीच राहिली. मग पदराने तोंड पुसून व्यापाऱ्याला विचारलं, "मधे काचेचं रबर बदललंत का?"

"हा ताई, पुढलं बदललं. नवीन शे!"

"भाऊजी, नवं रबर जाड असतं. हे जेवताना रोज हेच सांगायचे, तुमचं लक्ष ताटात. खूण जुन्या रबराची आहे. सोडा बोल्ट."

मी सोडले. वहिनीने एका बाजूने तळवा लावला, मी दुसऱ्या बाजूने. हळूहळू वर नेली. टक् करून काच रबरात बसली. मी बोल्ट आवळले. दोन्ही आता गोलाच्या अर्धं बोट बाहेर होते.

वहिनीने डब्याच्या पिशवीतून बाटली काढली. कपाटातली. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने दातांनी उघडलं. जुन्या गोलांना धक्का न लावता तिने शेजारी दोन नवीन गोल काढले. हात जरासुद्धा हलला नाही.

"सुकू द्या," म्हणाली. "हात लावू नका."

मी लावलाच.