बारावी ओळ

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यामुळं लेकीचा इंग्रजीचा पाठ घ्यायचा तर मला एकच गोष्ट जमायची, मोजणं.

ती आठवीत गेली तेव्हा मॅडमनी त्यांना एक शब्द दिला होता, वॉश, म्हणजे धुणं. त्याची बारा काळांतली बारा वाक्यं रोज म्हणायची. ती सकाळी ओट्याला टेकून म्हणायची आणि मी ताटात बारा शेंगदाणे मांडून बसायचे. एक वाक्य झालं की एक दाणा बाजूला. शेवटी दाणा उरला की मी म्हणायचे, "एक गिळलंस गं."

"तूच सरकवायला विसरलीस."

"मी नाय विसरत. मास्तरीण कोण हाय इथं?"

"मास्तरीणबाई, आधी एबीसीडी म्हणून दाखवा," असं म्हणून ती उरलेला दाणा तोंडात टाकायची.

ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालं. आय वॉश, आय वॉश्ड, आय विल वॉश. कुणासमोर म्हणायचा मला धीर नाही, पण मनात एकही चुकत नाही. बारावी ओळ सगळ्यात लांब. "आय विल हॅव" म्हणून ती थांबायची. खांदे वर जायचे, एक श्वास आत ओढायची, आणि मग "बीन वॉशिंग". दुसऱ्या कुठल्या ओळीला ती असं करायची नाही. मीही तसंच शिकले, त्या थांबण्यासकट.

नववीत दिवाळीनंतर ती शाळेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हृदयातली एक झडप फार दिवसांपासून खराब आहे. नऊ दिवस होती. मग गेली.

तिचा आवाज आमच्याकडं कुठं भरून ठेवलेला नाही. मोबाईलमध्ये फोटो आहेत, त्यात ती तोंड मिटून हसते. आवाज म्हणून माझ्याजवळ ह्या बारा ओळीच राहिल्या. नळाला पाणी येतं त्या दिवशी आठवड्याचं धुणं एकदम निघतं. मी मोरीत बसले की माझ्या पाठीमागं ती सुरू करते. मी वळून बघत नाही. बाराव्या ओळीशी ती थांबली की माझा हातही ओल्या कापडावर थांबतो. श्वास येईपर्यंत मी पिळत नाही. श्वास येतो, ती पुरं करते, मग मी कापड पिळते. कितीतरी महिने असं चाललं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ह्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर शेजारच्या भाभी त्यांच्या मुलीला घेऊन दारात आल्या. त्या मलाही भाभीच म्हणतात. मुलगी आता आठवीत, मॅडम त्याच.

"भाभी, तुम पाठ लेते थे ना. इसका बी सुन लेव. मेरेको तो अंग्रेजी का कुच समजता नै."

ह्या मुलीचा आवाज त्या ओळींवर बसला तर माझ्या लेकीचा पुसला जाईल, अशी मला भीती वाटली. पण दवाखान्यातले नऊही दिवस डबा ह्याच भाभींच्या घरून आला होता. आणि नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही.

मी शेंगदाणे मांडले. मुलगी भरभर म्हणत गेली, बोटांत ओढणीचं टोक गुंडाळत. बारावी ओळ आली. "आय विल हॅव बीन वॉशिंग." सरळ म्हणून मोकळी.

"थांब," मी म्हणाले. "हे चुकलं."

"कुठं काकू?"

"हॅवच्या पुढं थांबायचं असतं. तिथं श्वास घ्यायचा असतो."

ती हसायला लागली. "असं कुठं असतंय काकू! मॅडम तर म्हणतात, एका दमात म्हणा."

"पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. मी अजून एकदा म्हणायला लावलं. चार वेळा म्हणवून घेतलं आणि चारही वेळा ती कुठं थांबली नाही. मग तिनं वही माझ्यापुढं धरली आणि ओळीखालून बोट फिरवलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण दिसत होतं. सगळे शब्द सारख्या अंतरावर होते. मध्ये काही खूण नव्हती.

"काकू, बरं वाटत नाय का तुम्हाला?"

"तुझं छान येतंय. जा तू," मी म्हणाले.

दीड वर्ष तो श्वास मी इंग्रजीतलाच समजत होते. तिला धाप लागत होती. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, रोज. आणि मी दाणे सरकवत होते. मग एकेक आठवायला लागलं. बादली जिन्यात मध्येच टेकवायची, तेव्हा मी खालून ओरडायचे, "म्हातारी झालीस का गं?" ती वरून हसायची. उत्तर द्यायला तिच्यात दम नव्हता, हे आता कळतंय.

पाण्याच्या दिवशी ती अजून येते. पण आता ती थांबली की मी वळते. विचारायचं असतं, काय होतंय गं तुला. वळले की मागं कुणी नसतं, आणि ओळ तशीच राहते.

वर्षश्राद्धाला गंगापूरहून माझ्या नणंदबाई आल्या. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, पोरगी कधीच काय बोलली नाय का? काय दिसलं नाय तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे बोलले, "काय दिसणार आक्का? डॉक्टरच म्हणले, ह्यात वरून काय कळत नसतंय. कुणालाच कळलं नसतं."

वर्षभर येईल त्याला ते हेच सांगतात. ह्याच एका गोष्टीवर ते सकाळी उठतात, रिक्षा काढतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय ना गं?"

नणंदबाईंचा घास हातात तसाच होता.

"व्हय," मी म्हणाले. "कुणालाच नाय."

ह्यांनी ताट पुढं करून अजून भात मागितला. मी वाढला.