संशयी आत्याचं पोट

माझ्या आत्याइतका संशयी माणूस अख्ख्या कोलकात्यात सापडायचा नाही. जन्म इथल्याच बेहाला भागातला, घरही तिथेच, उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, पण उत्तरावर विश्वास म्हणून नाही; आधी ताळा करणार, मग ताळ्याचाही ताळा. संदेश मिठाईसुद्धा मोडून, हुंगून मगच तोंडात टाकणार. हावड्याच्या फेरीबोटीत पाय ठेवण्याआधी ती बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती कडी मोजते, मग माणसं मोजते आणि बहुधा पुढच्या बोटीची वाट बघते. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढायचं, अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. शेजारचे बंगाली दादा यावरून चिडवायला गेले, तर म्हणाली, "पावणेतीनशे वर्षांपूर्वी आम्ही मराठे चालून येऊ म्हणून कोलकात्याभोवती बागबाजारापासून खंदक कुणी खणला होता हो? मी बापडी नुसतं कुलूप ओढते."

काही वर्षांपूर्वी झालेल्या गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर मात्र तिच्या पोटात अधूनमधून पीळ पडू लागला. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, रिपोर्ट स्वच्छ. "गॅस असेल," सगळे म्हणाले. या शहरात डोकं दुखलं तरी गॅसच असतो. मग आम्हालाच तिचा संशय येऊ लागला. पाहुणे यायचे म्हटलं की बरी कळ येते! मी तर तोंडावर म्हणालो, "आत्या, तुला काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत सगळे." तिने चक्क रिपोर्ट पुन्हा न वाचता कपाटात ठेवून दिला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या दादांचा फोन आला. आत्याला दोन दिवस उलट्या होत होत्या, पोट टम्म फुगलं होतं. आतडं अडकलेलं निघालं; तातडीने ऑपरेशन करावं लागलं. सर्जनबाईंनी नंतर समजावलं. जुन्या ऑपरेशनची जखम आतून भरताना तिथे चिकट धागे तयार होतात, त्यांचे घट्ट पट्टे बनतात, आणि एरवी सुटी हलणारी आतडी एकमेकांना, पोटाच्या भिंतीला चिकटतात. "शिजवून ठेवलेल्या शेवयांसारखी," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही. दुखणं मात्र खरंच असतं."

शुद्धीवर आल्यावर आत्याने आधी सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचून घेतली. मी विचारलं, "दोन दिवस फोन का नाही केलास गं?"

"तूच म्हणाला होतास ना, काही झालेलं नाही म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, नसेल."

जन्मभरात तिने ताळा न करता मानलेलं ते एकच उत्तर, आणि ते मी दिलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हल्ली फोनवर ती "बरी आहे रे" म्हणते, तरी मी संध्याकाळी बेहालाला जाऊन बघून येतो.