तांडेलचे अकरा वाटे

तांडेल माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी हात बघायचे. मच्छीमारांच्या संस्थेत इंग्रजी पत्रव्यवहार करायची नोकरी लागली, म्हणून मी पहिल्यांदा देवगडच्या बाजूला त्यांच्या वाडीवर गेले, तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं ना गाव. “हात दाखव गो बाय,” म्हणाले. मी दाखवले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी लांबूनच माझे दोन्ही तळवे न्याहाळले आणि शेजारी जाळं शिवत बसलेल्या बाबलला सांगितलं, “बाबल, ह्ये हात कधी दोराक लागूक नाय रे.” मला भयंकर राग आला. मी तळेऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. गुडघाभर चिखलात भात लावलाय, काजूच्या चिकाने बोटं काळी करून घेतलीत. तसं मी ऐकवलंसुद्धा. तांडेल नुसते हसले आणि चहा मागवला.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि पासपोर्टवर तेवढं होतं. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याला सगळी वाडी तांडेल म्हणायची, मी चाचा म्हणायचे. रापणीचं जाळं त्यांच्या शब्दावर चालायचं. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं टाकत अर्धगोल फिरून पुन्हा किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन टोकांना बांधलेल्या दोन दोरांवर माणसं उभी राहतात आणि ओढतात, ओढतच राहतात. शेवटी वाळूवर मासळीचे वाटे पडतात. तांडेलचा नियम एकच होता: ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. मग तो भागीदार असो की वाटेने जाणारा पाहुणा. आणि वाटा न घेता निघून जाणं म्हणजे तांडेलच्या तोंडावर त्याची मासळी नाकारणं. एकदा जमिनीच्या पाहणीला आलेल्या तलाठ्याने गंमत म्हणून पाच मिनिटं दोर धरला आणि घाईत तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाबल त्याच्या कचेरीत हजर झाला आणि भर गर्दीत, शुद्ध मराठीत म्हणाला, “साहेब, हा आपला वाटा.” पिशवीतून चार बांगडे निघेपर्यंत तलाठ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणतात.

पण मी नोकरीला लागले तेव्हा त्या रापणीला उतरती कळा लागली होती. मोठ्या यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर मासळी उचलत होत्या, आणि वाडीतली तरणी मंडळी पर्यटकांना समुद्राखाली डुबक्या मारायला नेण्यात गुंतली होती. दोन हंगाम जाळं छपरावरून खाली उतरलं नव्हतं. तांडेलना मासळीचं दुःख एवढं नव्हतं. ते म्हणायचे, “मासळी काय, आज नाय तर फाल्या येतली. माका मराच्या आदी एकदा भरलेलो दोर बघूचो आसा.” भरलेला दोर म्हणजे माणसांनी भरलेला, हाताला हात लागलेला. एवढंच त्यांना हवं होतं आणि तेवढंच मिळत नव्हतं.

अशात पोर्तुगालच्या एका किनारी गावाचं पत्र आलं. तिथेही असंच किनाऱ्यावरून जाळं ओढतात, आणि देशोदेशीच्या ओढणाऱ्यांना त्यांनी चार दिवसांसाठी बोलावलं होतं. श्रावण होता, आपल्याकडे दर्या बंद होता, त्यामुळे वेळच वेळ होता. तांडेल, बाबल आणि भाषांतरासाठी मी असं ठरलं. तांडेलनी एकच अट घातली: जाळं आपलं. मी परोपरीने समजावलं की तिथे जाळी आहेत. “तुझ्या सासराक भांडी आसत म्हणान तू थंय रिकाम्या हातान जातलंस काय?” असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं. माझं लग्नच झालेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मग त्यांनी लहान मापाचं एक जाळं तयार केलं, तीनदा विहिरीच्या पाण्यात धुतलं, आणि त्याची तीन गाठोडी बांधली. एकेक गाठोडं माझ्या कमरेएवढं. वर काथ्याच्या दोराचं भलंमोठं वेटोळं.

विमानाने ती गाठोडी मुकाट नेली. खरी मजा पुढच्या सकाळी लिस्बनहून निघालेल्या रेल्वेत सुरू झाली. डबा चकचकीत, माणसं गप्प, आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत आमची तीन गाठोडी. काचेतून ऊन आलं, गाठोडी तापली, आणि तीनदा धुतलेल्या जाळ्याने आपलं कूळ सांगायला सुरुवात केली. समोरची बाई नाकाला रुमाल लावून दुसरीकडे जाऊन बसली. मी शरमेने अर्धी झाले. तांडेल मला म्हणाले, “बाय, ता जनेल उघड मगो.” शेजारचा काठीवाला म्हातारा चटकन उठला आणि खिडकी चाचपू लागला. खिडकी उघडणारी नव्हतीच, पण त्याला शब्द कळला होता, कारण जनेल हा शब्द त्यांचाच, आपल्याकडे येऊन राहिलेला. तांडेल हर्षाने बाकावरून उठलेच. “बाबल! ह्येंका आमची भाषा येता रे!” पुढचा अर्धा तास ते त्या म्हाताऱ्याशी मालवणीत गप्पा मारत होते आणि तो मान डोलावत होता.

माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पुढच्या जंक्शनवर गाडी बदलायची होती आणि हातात आठ मिनिटं होती. दुपारी भरतीच्या आधी तिथली होडी समुद्रात जाणार होती. ही गाडी चुकली तर पुढची तीन तासांनी, म्हणजे जाळं किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत खेळ संपलेला. आपलं जाळं टाकायला तांडेलना एवढा एकच दिवस दिलेला होता. मी वेळापत्रक तोंडपाठ केलं होतं. फक्त त्या वेळापत्रकात लिफ्ट बंद असल्याचं लिहिलेलं नव्हतं.

पलीकडच्या फलाटावर जायला जमिनीखालून वाट होती. खाली जाताना गाठोड्यांनी आमची वाट बघितली नाही, पायऱ्यांवरून ती आपली आपण गडगडत गेली. पण पलीकडे तीसेक पायऱ्या चढायच्या होत्या. बाबलने एक गाठोडं खांद्यावर घेतलं आणि पाचव्या पायरीवर बसकण मारली. चार मिनिटं उरली होती. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “चाचा, जाळं इथेच ठेवू, आपण तरी जाऊ.” मग त्यांनी काथ्याचा दोर सोडला. तिन्ही गाठोडी एकामागे एक बांधली, दोराचं टोक बाबलच्या हातात देऊन त्याला वर पिटाळलं, स्वतः पायऱ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि रापणीची हाळी दिली.

त्या बोगद्यात तो आवाज असा घुमला की माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा काठीवाला म्हातारा आला. त्याने काठी काखेत मारली आणि दोर धरला. मग पाठीवर गिटार अडकवलेली एक मुलगी आली, मग रंगाने माखलेल्या कपड्यातले दोन रंगारी, मग चक्क ती रुमालवाली बाई! तिच्यामागून आणखी पाच जण. गळ्यात शिट्टी अडकवलेली, आम्हाला पकडायच्या गाडीची गार्डबाई, चांगली आडव्या बांध्याची, आरडाओरडा करायला म्हणून धावत आली. तांडेलनी तिच्याकडे बघून पुढची हाळी दिली आणि काय झालं कुणास ठाऊक, तिनेही दोर धरला. त्यांची हाळी, त्यावर लोकांचा हुंकार, आणि गाठोडी एकेक पायरी वर. कुणाला शब्द कळत नव्हता, पण कधी ओढायचं आणि कधी श्वास घ्यायचा ते तिसऱ्या झटक्याला सगळ्यांना कळलं. मी ओरडत होते, हसत होते, उड्या मारत होते. आणि फोन काढून त्याचं शूटिंग करत होते.

गाडी मिळाली. मिळणारच होती म्हणा, गार्डबाईच दोरावर होती. दारं लागली, डब्यात टाळ्या पडल्या. तांडेल घामाने निथळत मधल्या वाटेत उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. “बघलंस गो बाय? दोर भरलो. अकरा जणां! माका वाटला नाय होता परत बघीन म्हणान.”

पण हा आनंद पुढच्या स्टेशनापर्यंतच टिकला. तिथे गिटारवाली उतरायला निघाली, तर तांडेल दारात आडवे उभे. “बाय, तिका थांबय! वाटो घेतल्याशिवाय चल्ली ती!” आता काय सांगायचं कप्पाळ? त्या पोरीची मी माफी मागितली आणि तिला कशीबशी उतरवली. पुढच्या स्टेशनावर रंगारी. तांडेलनी एकाची बाहीच धरली. वाळूवरून कुणी वाट्याशिवाय गेलेलं त्यांनी आयुष्यात चालवून घेतलं नव्हतं, आणि इथे त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक जण रिकाम्या हाताने उतरून जात होता. शेवटी मी गार्डबाईला इंग्रजीत सगळा नियम समजावला. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, मासे तर अजून समुद्रात आहेत! मी ते तांडेलना सांगितलं. ते जराही हसले नाहीत. “दर्यात आसत तर आसू देत. वाटो ठरलो.”

किनाऱ्यावर पोहोचलो तर होडी तयार होती आणि दोर ओढायला ट्रॅक्टर उभा होता. तिथे आता तशीच रीत आहे. तांडेल ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, “तेंका इचार, ह्येका वाटो कसो देवचो? ह्यो मासळी खातलो काय?” मी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या नाखव्याने क्षणभर विचार केला, मग पुढे होऊन ट्रॅक्टर बंद केला. उन्हात पडलेली माणसं टॉवेल टाकून दोराला आली. जाळ्यात तिथली तारली निघाली, आपल्या तारलीची चुलत बहीणच म्हणा ना. फार नाही, पण चांदीसारखी उड्या मारत होती. वाटे पडले, आणि सगळ्यांच्या आधी तांडेलनी अकरा वाटे मीठ लावून बाजूला काढले.

मी हात पुढे केला. “तुका नाय,” ते म्हणाले. मी म्हटलं, मी दोन दिवस भाषांतर करतेय, धावाधाव करतेय, तुमचं शूटिंग केलंय! “ता झाला. दोर धरलंस?” संध्याकाळी निखाऱ्यावर भाजलेली तारली त्यांनी मला आग्रह करकरून वाढली. पोटभर जेव, म्हणाले, पण ह्यो वाटो नव्हे. मी फुरंगटून तारली घेऊन बाबलच्या शेजारी जाऊन बसले.

परतताना त्याच गाडीत अकरा पुडकी घेऊन आम्ही बसलो. येताना जाळ्याच्या वासाची मला लाज वाटली होती, जाताना तर सांगायलाच नको. जंक्शनवर गार्डबाई दिसली. पुडकी बघून तिने तोंडावर हात ठेवला. म्हातारा आणि रंगारी रोजचेच आहेत, गिटारवालीला आणि बाकीच्यांना मी शोधून काढीन, असं म्हणून तिने सगळी पुडकी ताब्यात घेतली आणि निरोपाला हात पुढे केला. तांडेलनी तो हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला आणि बाबलला म्हणाले, “ह्यो हात बरो आसा.”

गावी आल्यावर ही हकिगत त्यांनी देवगडपासून विजयदुर्गापर्यंत किती दुकानांत सांगितली असेल त्याला गणती नाही. सांगता सांगता तीस पायऱ्यांच्या साठ झाल्या, गाठोडी तिनाची पाच झाली, पण माणसं अकराच राहिली. तिथे त्यांनी कधी एकसुद्धा वाढवला नाही. मी गेले की माझी चेष्टा ठरलेली. “माझा वाटा, चाचा?” “दोर धर, मगे बोल.” त्यांनी वाडीच्या मागे लागून रापण पुन्हा सुरू केली होती, दोर अर्धाच भरायचा, पण भरायचा. मला बोलावणं यायचं आणि माझी कसली ना कसली बैठक असायची. मग त्यांचा दमा वाढला. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाबलचा फोन आला आणि मी पोहोचेपर्यंत त्यांना न्यायची तयारी झाली होती. मी आत त्यांच्या बायकोजवळ, चाचीजवळ बसले. खांदा द्यायला बाहेर पुरुषमाणसं होती. माझ्या हातांना तिथेही काही काम नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

ऑक्टोबरात बाबल म्हणाला, “रापण घालतलंव. माणसां कमी आसत.” त्या दिवशी बैठक होती, मी ती मोडली. काथ्याचा दोर तोच होता, पोर्तुगालच्या पायऱ्या चढून आलेला. हाळी आता बाबल देत होता. दीड तास ओढलं. अर्ध्या तासातच तळवे सोलवटले, पाठीचा काटा ढिला झाला, पण सोडला नाही. वाटे पडले तेव्हा सात तारल्या आणि एक बांगडा माझ्यापुढे ठेवून बाबल म्हणाला, “घे. तांडेलान सांगान ठेवलेल्यान. बाय वाटो मागतली, देऊ नको. दोर धरल्यान, तर मात्र एक तारली कमी करू नको.”

मी तिथेच वाळूवर बसून पोटभर रडले. मग सोलवटलेले दोन्ही तळवे माझ्याही नकळत पुढे झाले, कुणीतरी चष्मा नाकावर सरकवून बघेल म्हणून. बाबलने बघितले आणि म्हणाला, “बरे आसत.”

वाटा घरी नेला, स्वतः साफ केला, रांधला, खाल्ला. फोटो काढायचं राहूनच गेलं.