रविवारचा मिस्त्री

आमच्या मुलुंडच्या घरासमोर ती गाडी आली तेव्हा मी मॅट्रिकला होते. बाबा डॉक्टर. एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्या बायकोचं जुनं दुखणं बाबांनी बरं केलं होतं, म्हणून त्याने आपली गाडी दुसऱ्या कुणाला न विकता बाबांना दिली. काळी, लांबलचक, आत लाल कातड्याच्या गाद्या आणि समोर अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत फळी. आमच्या रस्त्यावर तेव्हा टांगे आणि सायकलीच जास्त. आई दारातूनच म्हणाली, "हे धूड सांभाळायचं कोणी?"

बाबांनी गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. त्यातलं बारीक अक्षर त्यांना नीट दिसत नसे. "तू वाच, मी करतो," असं आमचं ठरलं. दोन-तीन रविवारांतच ते उलटं झालं. मध्येच कुणीतरी पेशंटसाठी बोलवायला येई, बाबा हात पुसून बॅग उचलत, आणि पाना माझ्याकडे राही.

लोकांना वाटतं, गाडी जेवढी भारी तेवढी तिची निगा अवघड. माझा अनुभव वेगळा आहे. बॉनेट उघडलं की आत इतकी जागा, की दोन्ही हात कोपरापर्यंत सहज जात. प्रत्येक नट हाताला लागेल असा बसवलेला. डिकीत हत्यारांसाठी हिरव्या मखमलीचा खण होता, प्रत्येक पान्याची जागा त्यात कोरलेली. ड्रायव्हरच्या पायाशी एक छोटंसं पेडल होतं. सकाळी गाडी काढताना ते एकदा दाबलं, की बारीक नळ्यांमधून खालच्या सगळ्या सांध्यांना आपोआप तेल पोचे. बाकीचं पुस्तकात होतं: प्लग कधी साफ करायचे, इंजिनचं तेल कधी बदलायचं, कुठे किती फट ठेवायची. ज्याला वाचता येतं आणि ज्याला घाई नाही, त्याने करावं, इतकं ते सोपं होतं.

तीन वर्षं ती गाडी गॅरेजमध्ये गेली नाही. एका मे महिन्यात तर आम्ही इंजिनचं झाकण उतरवून आत साचलेला काजळीचा थर खरवडून काढला. सगळं परत बसवल्यावर बाबांनी चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. बाबा खाली उतरले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हाताला गुण आहे तुझ्या. ही गाडी आता माझी नव्हे, तुझी."

मी ते खरं मानलं.

मी इंटरला असताना अंधेरीचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, बँकेत नोकरीला. त्याचे वडील वकील. ती मंडळी यायच्या दिवशी आईने लिंबू आणि राख घेऊन माझी नखं घासली. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मुलाचे वडील ओटीवर येऊन उभे राहिले. त्यांना गाड्यांचा भारी शौक. त्यांनी बाबांना विचारून बॉनेट उघडलं आणि थक्क झाले.

"डॉक्टर, काय लखलखीत ठेवलंय हो इंजिन! कोण बघतं?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. आता बाबा माझं नाव घेणार आणि सगळे वळून माझ्याकडे बघणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली.

"एक मिस्त्री येतो रविवारी," बाबा म्हणाले. "जुना माणूस आहे. हाताला गुण आहे त्याच्या."

माझ्यासाठी काढलेले शब्द त्यांनी जसेच्या तसे उचलून एका नसलेल्या माणसाला देऊन टाकले. कप कसे खाली ठेवले मला आठवत नाही.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, कोणता मिस्त्री?"

"अगं, असं काय करतेस? गाडीखाली झोपणारी मुलगी कोण करून घेईल? तुझ्याच भल्यासाठी बोललो."

लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी तोंडाने काही मागितलं नाही, पण वकीलसाहेब गाडीचा विषय तीनदा काढून गेले. आईने मला स्वयंपाकघरात सांगितलं, गाडी जावयाला द्यायचं ठरलंय. मी बाबांकडे गेले, तर ते हसले. "तुझीच गाडी तुझ्याबरोबर येते आहे की!" त्या मिस्त्रीचा पत्ता वकीलसाहेबांनी मागितला, तेव्हा बाबांनी तो कायमचा कोकणात गेल्याचं सांगितलं.

अंधेरीला गाडीसाठी ड्रायव्हर ठेवला होता. माणूस चांगला होता, पण ते छोटं पेडल कशाचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जाड पुस्तक मामंजींच्या कपाटात, कायद्याच्या पुस्तकांच्या रांगेत. दोन महिन्यांत गाडीची पुढची बाजू कुरकुरू लागली. गाडी फाटकातून आत वळली की मला तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू येई, आणि हातातलं काम थांबे.

एका सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "ड्रायव्हरला ते खालचं पेडल रोज दाबायला सांगा ना. सांधे कोरडे पडलेत."

तो आरशात बघून भांग पाडत होता. "तुला काय कळतं गं त्यातलं?" म्हणाला आणि हसला. चार दिवसांनी मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो हसलाही नाही.

पुढच्याच आठवड्यात मरोळच्या वळणावर स्टिअरिंग अडकलं. ड्रायव्हरने जोर लावला तरी चाकं सरळ होईनात, आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. आत सासूबाई आणि मामंजी होते. सासूबाईंचं मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं.

घरी सगळे ड्रायव्हरवर तुटून पडले. त्याला काढून टाकायची भाषा सुरू झाली, तेव्हा माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "मामंजी, त्याची चूक नाही. मुलुंडला मिस्त्री वगैरे कुणी नव्हताच. गाडी मी बघत होते."

त्यांना ते पटेना. शेवटी मी पदर खोचला, ओढून आणलेल्या गाडीखाली चटई टाकली आणि कोरडे पडलेले सांधे एकेक करून त्यांना दाखवले. मामंजी वाकून बघत होते. मी बाहेर आले, तेव्हा ते सरळ उभे राहिले.

"म्हणजे डॉक्टर माझ्याशी खोटं बोलले," ते म्हणाले. "आणि तू? तुला सगळं ठाऊक होतं, तरी गप्प बसलीस?"

"मी सांगितलं होतं. दोनदा." मी नवऱ्याकडे बघितलं.

तो आपल्या चपलांकडे बघत होता. "मला काही बोलली नाही ही," तो म्हणाला.

मी आत जाऊन साबणाने हात धुतले. बराच वेळ धूत राहिले.

गाडी मामंजींनी विकून टाकली. बाबांना त्यांनी कडक पत्र लिहिलं. बाबा आले, बैठकीत बसून त्यांनी माफी मागितली. निघताना मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मला वाटलं होतं, निदान इथे, आम्ही दोघंच असताना, ते काही म्हणतील.

"तू गप्प राहायला हवं होतंस," ते म्हणाले. "मी कुठल्या तोंडाने यायचं आता इथे?"

त्या वर्षी दिवाळसणाला मी मुलुंडला गेले नाही. ताप आला म्हणून सांगितलं. नवरा एकटाच जाऊन आला, आणि येताना बाबांनी त्याच्याकडे माझ्यासाठी तापाच्या पुड्या दिल्या. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ. मला ताप नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. मी पुड्या मोरीत रिकाम्या केल्या आणि कागद चुलीत टाकले.

पुढे येणंजाणं सुरू झालं, मुलं झाली, मुलुंडच्या सुट्ट्या झाल्या. बाबा नातवंडांना मांडीवर घेऊन खूप गोष्टी सांगत. एकदा थोरल्याने त्यांना विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे मोठी गाडी होती ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मटार सोलत होते, तशीच सोलत राहिले.

"होती," ते म्हणाले, आणि त्याला बागेत घेऊन गेले.