एकट्याने बसायचा बाक

वाचनालयाच्या फळ्यावर माझं लिखाण वाचायला थांबणाऱ्या मंडळींनो, आज धुळ्यात एक घोर अन्याय सोसून आलो. शेतीखात्याच्या कचेरीतल्या बाकावर एकट्याने बसता येत नाही. एका टोकाला बसलं की दुसरं टोक वर उडतं. स्वराज्यात माणसाने बसायलाही सोबत शोधायची?

मी पडलोच. सातपुड्याकडचे एक म्हातारे आबा दुसरं टोक दाबून बसले. म्हणाले, "बठ भाऊ, मी शे आठे." ते तिथे आहेत, एवढ्यावर बाक सरळ झाला.

माझा अर्ज होता उताराच्या शेतात बांध घालून त्यावर गवत लावायचा, म्हणजे उरलेली माती तरी नाल्यात जाणार नाही. कारकुनाने तो परत केला.

"शेजाऱ्याची सही कुठंय, नाना? पाणी दोघांच्या शेतातून वाहतं. एकट्याला अनुदान नाही."

"शेजारी म्हणतो, लोक गवत उपटतात आणि हा लावतो."

"मग घरचं कोणी पाठवा समजवायला."

"घरी मीच असतो."

त्याने पुढचं नाव पुकारलं.

मंडळी, माझ्या टोमण्यांना तुम्ही सगळे हसता. तुमचं शेत माझ्या शेताला लागून असतं, तर सही केली असती का?

बाहेर बाकापाशी आबा भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटलं, "बसा आबा, मी शे आठे."

दोघे एकदम बसलो. माझी गाडी गेली, पण त्यांचं नाव पुकारेपर्यंत मी उठलो नाही.